पांढरं किती दिसतंय? ज्युनिअर एअर रायफलसाठी फ्रंट साइट निवडताना

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच जवळजवळ ठेवलंय. आकडे वाचून पडताळता यावेत म्हणून तेवढे नीट लावून घेतलेत.)

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, एवढ्याशा गोष्टीवर अख्खा एपिसोड? हो. आज आपण बोलणार आहोत रायफलच्या टोकाला बसणाऱ्या एका छोट्याशा रिंगबद्दल. शर्टाच्या बटणाच्या भोकापेक्षा थोडी मोठी, एवढीच ती असते. पण ती चुकीची असेल तर तेरा वर्षांच्या मुलीला वाटू शकतं की आपल्याला शूटिंग जमतच नाही.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून करते.

ट्रॉम्बेहून आली होती. मागे बेस्टच्या बसचा आवाज, कंडक्टरची घंटी. बोलणारे एका मुलीचे वडील. ते म्हणाले, "ताई, पोरगी तेरा वर्षांची आहे. एअर रायफल मारते. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मस्त चाललं होतं. आता स्कोअर पडलाय. घरी आली की धड जेवत नाही. रेंजवर एक जण म्हणाला, फ्रंट साइट बदला, ॲडजस्टेबल घ्या, बाहेरची. किंमत ऐकून मी गप्पच बसलो. पण घ्यायची तर घेऊ, करू कुठून तरी. फक्त एवढं सांगा, त्याने फरक पडेल का? नाहीतर मी तिला सांगून टाकतो, बाई, आता शाळेकडे बघ."

ते शेवटचं वाक्य मला लागलं. मी फोन केला आणि म्हटलं, दादा, आत्ता काही विकत घेऊ नका आणि तिला काही सांगूही नका. रविवारी मी येते रेंजवर.

आधी फ्रंट साइट म्हणजे काय ते

जे शूटिंग करत नाहीत त्यांच्यासाठी दोन मिनिटं. १० मीटर एअर रायफलला दुर्बीण नसते. डोळ्याजवळ एक चकती असते, तिच्यात बारीक भोक. ती रिअर साइट, आपण पीप म्हणतो. नळीच्या टोकाला एक छोटा गोल बोगदा असतो, तो टनेल. त्या टनेलमध्ये एक पातळ चकती बसवतात, तिला इन्सर्ट म्हणतात. इन्सर्टच्या मधोमध रिंग असते. म्हणजे पीपच्या भोकातून बघायचं, टनेल दिसतो, टनेलच्या मधे रिंग आणि रिंगच्या मधे टार्गेटचा काळा गोळा. वर्तुळात वर्तुळ, त्यात वर्तुळ. सगळं एका केंद्रावर आलं की ट्रिगर.

आपल्याकडे बरीच मुलं ओपन साइटपासून सुरुवात करतात. तिथे रिंग नसते. पुढे एक उभी पट्टी, मागे खाच, आणि काळा गोळा पट्टीच्या डोक्यावर ठेवायचा. ही मुलं पीपवर आली की काही दिवस सवयीने काळा गोळा रिंगमध्ये थोडा वरच धरतात. हा फ्रंट साइटचा दोष नाही, सवय मोडायला वेळ लागतो इतकंच. पहिले दोन-तीन आठवडे तेवढं सांभाळून घ्या.

आता टार्गेट. अख्खं टार्गेट ४५.५ मिलिमीटरचं. त्यातला काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा. आणि दहाचा ठिपका? फक्त अर्धा मिलिमीटर. छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो आणि त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र मधल्या बिंदूपासून अडीच मिलिमीटरच्या आत पडायला हवं.

हे रायफलच्या टोकाशी आणून बघा. त्या मुलीच्या डोळ्यापासून फ्रंट साइट साधारण ७८ सेंटिमीटरवर होती. टार्गेटवरचे अडीच मिलिमीटर म्हणजे तिथे साधारण ०.२ मिलिमीटर. वहीची दोन पानं एकावर एक ठेवा, जवळपास तेवढी जाडी. रिंग तेवढी सरकली की दहा गेला.

इतकं बारीक काम माणसाचा डोळा करू शकतो, याचं कारण वर्तुळात वर्तुळ ठेवणं त्याला छान जमतं. मधला गोळा एका बाजूला सरकला तर ते मोजून कळत नाही, बघून कळतं. ताटात वाटी मधोमध नाही हे आईला लांबून दिसतं, तसं. पण त्यासाठी एक गोष्ट लागते. काळ्याभोवती पांढरा पट्टा दिसायला हवा, सगळीकडे सारखा आणि स्वच्छ. डोळा तुलना करतो ती त्या पांढऱ्याची.

रविवारी रेंजवर

मी गेले. मुलगी शांत, थोडी घाबरलेली. मी स्कोअरकार्ड मागितलं नाही. एकच प्रश्न विचारला, "नेम धरलास की तुला काय दिसतं?"

ती म्हणाली, "काळं."

"आणि?"

"कडेला पांढरं. म्हणजे कधी असतं, कधी नसतं. खाली असलं की वर नसतं. मग मी थांबते, ते येईपर्यंत."

"किती वेळ थांबतेस?"

"डोळ्यात पाणी येईपर्यंत."

दोन महिन्यांत हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. सगळे म्हणत होते, ट्रिगर झटकतेस, लक्ष नाही, घाई करतेस. उलट ती घाई अजिबात करत नव्हती. गरजेपेक्षा जास्त वेळ धरून बसत होती.

मी विचारलं, रिंग कधी बदलली? वडील म्हणाले, "नाही ताई, तीच आहे पहिल्यापासून. ३.२." काढून बघितली. खरंच ३.२ होती. मग बदललं काय?

नळीच्या टोकाला एक एक्स्टेन्शन ट्यूब होती. काळी, चकचकीत, पंधरा सेंटिमीटरची. एका सिनिअर मुलाने प्रेमाने दिली होती, "मोठ्यांसारखी सेट कर" म्हणून. दोन महिन्यांपूर्वी.

एक गणित, मोबाइलवर करता येईल असं

इथे कॅल्क्युलेटर उघडा. सोपं आहे.

काळा गोळा ३०.५ मिलिमीटरचा आणि १० मीटरवर. डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर मीटरमध्ये घ्या आणि त्याला ३.०५ ने गुणा. उत्तर येईल ते मिलिमीटरमध्ये. तो काळा गोळा फ्रंट साइटच्या जागी तेवढा दिसतो.

फ्रंट साइट डोळ्यापासून बरोबर एक मीटरवर असेल, तर काळा ३.०५ मिलिमीटरचा दिसेल. त्या मुलीचं आधीचं अंतर ७८ सेंटिमीटर, म्हणजे ०.७८ गुणिले ३.०५, साधारण २.३८. रिंग ३.२ ची. म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण ०.४ मिलिमीटर पांढरं. छान.

ट्यूब लावल्यावर अंतर झालं ९३ सेंटिमीटर. ०.९३ गुणिले ३.०५ म्हणजे २.८४. रिंग तीच, ३.२. प्रत्येक बाजूला उरलं साधारण ०.१८ मिलिमीटर. अर्ध्याहून कमी!

रिंग कोणी बदललीच नव्हती, तरी ती बारीक झाली होती. रिंग लांब गेली, म्हणून डोळ्याला आणखी लहान दिसायला लागली. काळा गोळा मात्र होता तिथेच, होता तेवढाच. दोघांमधलं पांढरं खाल्लं गेलं.

हे मला तुमच्या डोक्यात पक्कं बसवायचंय. रिंगवरचा आकडा एकटा काही सांगत नाही. ३.६ चांगली की ४.० चांगली, हा प्रश्न अर्धाच आहे. डोळ्यापासून किती अंतरावर, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

रिंग घट्ट झाली की काय होतं

बारीक रिंग म्हणजे अचूक नेम, असं पुष्कळांना वाटतं. ऐकायला पटतं पण. जागा कमी तर चूक कमी. पण रायफल काही टेबलावर ठेवलेली नसते. उभं राहून, हातावर तोललेली असते. नियमाप्रमाणे एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. मुलांची त्याहून हलकी असते, पण तेरा वर्षांच्या खांद्याला चार किलोही कमी नाहीत. रायफल हलणारच. जगातल्या सगळ्यात भारी शूटरचीही हलते, फक्त कमी हलते.

पांढरा पट्टा रुंद असला की या हलण्यातही तो सगळ्या बाजूंनी दिसत राहतो. मूल म्हणतं, ठीक आहे, मधे आहे, आणि ट्रिगर सुटतो. पट्टा अरुंद असला की जराशा हलण्याने काळं रिंगच्या कडेला चिकटतं. पांढरं एका बाजूने नाहीसं होतं. मग मूल ते दुरुस्त करायला जातं, दुसऱ्या बाजूचं जातं. हा पाठलाग सुरू होतो. श्वास रोखलेला, हात भरून आलेला, डोळा एकटक. दहा-बारा सेकंदांनी एक क्षण सगळं जुळतं आणि मूल झटक्याने ट्रिगर ओढतं, हा क्षण जाऊ नये म्हणून.

बाहेरून बघणाऱ्याला फक्त तो झटका दिसतो. मग म्हणतात, ट्रिगर खराब आहे हिचा.

उलट टोकही आहे बरं का. रिंग फारच मोठी घेतली, तर काळा गोळा मोठ्या पांढऱ्या मैदानात एकटा पडतो आणि किंचित सरकलेलं कळत नाही. पण ज्युनिअरच्या बाबतीत मी मोठ्या बाजूला चूक करायला सांगेन, बारीक बाजूला नाही. सुरुवातीला रिंग काळ्याच्या दिसण्याच्या सव्वा ते दीडपट ठेवा. काळा २.४ दिसत असेल, तर ३.० ते ३.६ च्या दरम्यान कुठेतरी तिची रिंग आहे. त्या मधली कोणती, ते तिचा डोळा सांगेल.

इन्सर्ट घेताना

आता दुकानाच्या गोष्टी, पटापट.

एक. आटे बघा. टनेल साधारण दोन मापांत येतात, १८ चे आणि २२ चे. एकाची इन्सर्ट दुसऱ्यात बसत नाही. सेकंडहँड सेट स्वस्तात मिळाला म्हणून घेतला आणि घरी येऊन बसलाच नाही, असं होऊ देऊ नका.

दोन. धातूची की पारदर्शक प्लास्टिकची? प्लास्टिकच्या इन्सर्टमध्ये रिंग हवेत तरंगल्यासारखी दिसते, आजूबाजूला काही नाही. दिसायला सुंदर. पण तिच्यावर ओरखडे पडतात, धूळ बसते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात एसी रेंजमधून बाहेर-आत केलं की वाफ धरते. धातूच्या इन्सर्टमध्ये रिंगला दोन्ही बाजूंनी आडव्या काड्या असतात. मोठ्यांना त्या कधी कधी नको वाटतात. पण नवीन मुलाला त्या काड्यांचा उपयोग होतो, कारण रायफल तिरकी झाली की काड्या तिरक्या दिसतात. रायफल दर वेळी वेगळी तिरकी झाली तर छर्रेही पांगतात. म्हणून सुरुवातीला धातूची घ्या. स्वस्तही असते.

तीन. रिंगची जाडी. आकडा असतो आतल्या भोकाचा, पण काळ्या कडेची जाडीही वेगवेगळी मिळते. फार बारीक कड कमी उजेडात विरघळते. मुलाला रिंग शोधावी लागली तर नजर टार्गेटवर पळते आणि रिंग आणखी धूसर होते. नजर रिंगवर राहायला हवी, काळा किंचित धूसर दिसला तरी चालतो. म्हणून मध्यम जाड कड घ्या.

चार. उजेड. एका रेंजवर ट्यूबलाइट पिवळट, दुसरीकडे टार्गेटवर झगझगीत एलईडी. उजेड फार असला की पांढरं पसरतं आणि काळा लहान वाटतो. उजेड कमी असला की पांढरा पट्टा मळकट होतो आणि त्याला जास्त जागा लागते. म्हणून मुलाच्या डबीत नेहमीच्या रिंगशिवाय एक पायरी मोठी रिंग असू द्या. अंधाऱ्या हॉलमध्ये तीच उपयोगी पडते.

पाच. ॲडजस्टेबल फ्रंट साइट, ज्यात कडं फिरवून रिंग लहान-मोठी करता येते. चांगली वस्तू आहे, वाईट बोलणार नाही. पण तिचं काम काय? वेगवेगळ्या इन्सर्ट न बदलता माप बदलणं. मुलाला कोणतं माप लागतं हे माहीत नसेल, तर ती वस्तू ते सांगणार नाही. उलट मूल प्रत्येक खराब शॉटनंतर कडं फिरवत बसेल. आधी साध्या इन्सर्टवर माप शोधा. माप दोन-तीन स्पर्धांत टिकलं आणि घरात पैसे असतील, तर मग विचार करा.

सहा. नियम. आंतरराष्ट्रीय नियमांत टनेल ५० मिलिमीटरपेक्षा लांब आणि २५ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. फ्रंट साइट नळीच्या टोकाच्या पुढे जाता कामा नये. आणि एअर रायफलची मागच्या यंत्रापासून नळीच्या दिसणाऱ्या टोकापर्यंतची लांबी ८५० मिलिमीटरच्या आत हवी. ट्यूब लावणाऱ्यांनी हे मोजूनच घ्या. स्पर्धेच्या सकाळी तपासणीच्या टेबलावर मूल रडताना बघवत नाही.

चॅम्पियन कोणता नंबर वापरतात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. रुद्रांक्ष पाटील कोणती रिंग वापरतो? साहजिक आहे. ठाण्याचा मुलगा, २०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. आपल्या लोकलच्या नकाशातला मुलगा म्हटल्यावर त्याच्यासारखं सगळं करावंसं वाटणारच.

पण मगाचं गणित आठवा. त्याचा हात, त्याची मान, त्याच्या रायफलची लांबी, त्याच्या डोळ्यापासून फ्रंट साइटचं अंतर, सगळं वेगळं. त्याचा आकडा तुमच्या रायफलवर लावला तर तुम्हाला दिसणारं चित्र त्याच्यासारखं नसेलच. आकड्याची नक्कल करून चित्राची नक्कल होत नाही.

आणि चित्र स्वच्छ असलं की काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच भागात आहे. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० केले. चाळीस शॉट, चाळीसही दहा. म्हणजे चाळीस वेळा ती वहीच्या दोन पानांएवढी जागा सापडली. त्यांचा क्लब पनवेलकडे, आणि मानखुर्दहून हार्बर लाइनने पनवेल सरळ. अंजली भागवत कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून शूटिंगला आल्या आणि २००० मध्ये सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. मीही एनसीसीतूनच आले, पण त्यांच्या आसपासही पोचले नाही, ते जाऊ दे! सांगायचं एवढंच की हा खेळ आपल्या बस-लोकलच्या अंतरावर आहे. फक्त त्यांच्याकडून घ्यायची ती शिस्त. त्यांच्या डबीतला आकडा घेऊन काही होणार नाही.

माप कसं शोधायचं

आम्ही त्या मुलीबरोबर जे केलं, ते तसंच सांगते. तुम्हीही करू शकता, कोचला विचारून आणि रेंजवरच.

आधी अंतर मोजलं. रायफल रिकामी, नळीत सेफ्टी फ्लॅग. ती तिच्या नेहमीच्या पोझिशनमध्ये उभी राहिली आणि बाजूने शिंप्याच्या टेपने डोळ्यापासून रिंगपर्यंत मोजलं. ट्यूबसकट ९३, ट्यूब काढून ७८.

मग दोन जोड्या केल्या. ट्यूबसकट ३.८ ची रिंग, आणि ट्यूब काढून जुनी ३.२. गणिताने दोन्हीत पांढऱ्याचं प्रमाण सारखंच येतं. ट्यूब काढली-लावली की छर्रे वेगळ्या जागी पडतात, म्हणून प्रत्येक वेळी रिअर साइटवर आधी झीरो करून घेतलं.

मग खरी चाचणी. कोणती रिंग आहे ते तिला सांगायचं नाही. इन्सर्ट मी बदलायची, आकडा माझ्या फोनमध्ये. तिने पाच-पाच शॉट एका कार्डावर मारायचे. स्कोअर बघायचाच नाही, ग्रुप बघायचा, म्हणजे पाच भोकं एकमेकांच्या किती जवळ आहेत ते. प्रत्येक कार्डानंतर तीन प्रश्न. पांढरं सगळीकडे सारखं दिसलं का? नेमात किती वेळ थांबलीस? डोळा दुखतोय का? फोनच्या नोट्समध्ये तीन ओळी, झालं.

एक दिवस पुरत नाही. मूल दमलेलं असतं, भुकेलं असतं, शाळेतून आलेलं असतं. तीन वेगवेगळ्या दिवशी करा. आणि स्पर्धा दोन आठवड्यांवर असेल तर अजिबात करू नका.

फोनचा आणखी एक उपयोग मुलं करतात. पीपच्या मागे कॅमेरा लावून फोटो काढतात. मजा म्हणून काढा, आई-बाबांना दाखवायला चांगला. पण त्यावरून रिंग ठरवू नका. फोनची नजर स्वतःच फोकस बदलते, आणि तो फोटो तुमच्या डोळ्याचा नाही.

तीन दिवसांनी निकाल आला. ट्यूबसकट ३.८ मध्ये तिला पांढरं छान दिसत होतं, पण शेवटच्या कार्डांत हात खाली यायला लागायचा. पुढचं वजन तिला जड होतं. ट्यूब काढून ३.२ बरी. मग मी गुपचूप एक पायरी मोठी लावली, ३.४. ती शॉट मारून मागे वळली आणि म्हणाली, "ताई, हे काय केलंत? हे एकदम स्वच्छ आहे."

३.४ तिच्या डबीतच होती. सेटबरोबर आलेली, कधी उघडलीच नव्हती.

घरी, दहा बाय बाराच्या खोलीत

रेंज रोज मिळत नाही. कोळीवाड्यातली, चिता कॅम्पातली, अणुशक्तीनगरच्या पलीकडची मुलं मला विचारतात, घरी १० मीटर कुठून आणायचे? आणायची गरज नाही. तेच गणित इथेही चालतं. डोळ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मीटरमध्ये गुणिले ३.०५, तेवढा काळा ठिपका. तीन मीटर असतील तर साधारण ९ मिलिमीटरचा. पांढऱ्या कागदावर काळा गोल काढा आणि नेम धरल्यावर रायफल रेंजवर असते तशीच आडवी राहील अशा उंचीवर चिकटवा. रिंगमध्ये चित्र जवळपास रेंजसारखंच दिसेल.

दोन अटी. एक, छर्रे दुसऱ्या खोलीत, रायफल रिकामी आहे हे मोठ्या माणसाने स्वतः बघितलेलं, आणि ठिपक्याच्या बाजूने कोणी ये-जा करणार नाही. दोन, तुमच्या रायफलला ड्राय फायरची सोय असेल तरच ट्रिगर दाबा. नसेल तर नुसता होल्ड करा आणि पांढरं बघा. रोज दहा मिनिटं पुरतात.

आणि हो, मुलं वाढतात. सहा महिन्यांत हात लांब होतो, बट पुढे-मागे करावा लागतो, अंतर बदलतं. दर सहा महिन्यांनी टेप काढा, परत मोजा. वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करता ना, तसं हेही लिहून ठेवा.

शेवटचं

आता तुम्हाला वाटेल, मी म्हणेन की पुढच्या आठवड्यात ती जिंकली. नाही. ट्यूब लावायच्या आधी तिची सरासरी शॉटमागे ९.८ होती, ट्यूबनंतर ९.३ वर आली होती. रिंग बदलून तीन आठवड्यांनी ९.७ झाली. दोन महिने पांढऱ्याचा पाठलाग करण्याची जी सवय लागली होती, ती एका चकतीने जात नाही. अजूनही मधेच ती जास्त वेळ धरते. पण आता स्वतःच रायफल खाली घेते, श्वास घेते, परत उचलते. हे तिला कोणी सांगितलं नाही.

पालकांना माझी एकच विनंती आहे. मूल हरून आलं की आधी स्कोअर विचारू नका, खर्चाचंही बोलू नका. विचारा, तुला काय दिसत होतं? कोचसुद्धा तिच्या डोळ्यातून बघू शकत नाही. बघणारी ती एकटीच आहे, त्यामुळे उत्तर तिच्याकडेच आहे.

आणि मुलांनो, कोणी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. "सर, मला वरचं पांढरं दिसत नाही." एवढंच वाक्य. ती तक्रार नाही, माहिती आहे.

परवा परत व्हॉइस नोट आली. या वेळी वडिलांचा फोन, पण आवाज तिचा. म्हणाली, "ताई, ट्यूब दादांना परत दिली. ते विचारत होते का, तर मी त्यांना गणित सांगितलं. त्यांनी पण आपली रिंग मोजली." मागून वडिलांचा आवाज आला, "अगं, जिल्हा स्पर्धेचा फॉर्म भरलाय ते सांग ना ताईंना."

तर मंडळी, टेप घ्या, मोजा, ३.०५ ने गुणा, आणि तुमचा आकडा मला पाठवा. पुढच्या भागात रिअर साइट: भोक किती, आणि डोळा किती लांब. भेटूच.